‘अशोभनीय’ या एका शब्दाविषयी

गेल्या मासिक बैठकीत ठरलेला विषय संपल्यावर चहाच्या वेळी जी चर्चा निघाली, ती मूळ विषयापेक्षा अधिक रंगली. निमित्त होते एका शिक्षिकेच्या छायाचित्राचे. एका सभासदांच्या नातीला शिकविणाऱ्या बाई दिवाळीच्या सुट्टीत समुद्रकिनारी गेल्या होत्या. तेथे काढलेले छायाचित्र त्यांनी आपल्या इन्स्टाग्रामच्या खात्यावर लावले, ते कुणीतरी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकले, आणि आता काही पालक मुख्याध्यापकांना निवेदन देणार आहेत, अशी ती हकीकत. ‘शिक्षक हा चोवीस तास शिक्षकच असतो,’ असा निर्वाळा एका ज्येष्ठ सभासदांनी दिला व बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हीही गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र ते गप्प बसणे आम्हांस बोचू लागले. त्याचे कारण पुढे येईलच. तेव्हा जे बैठकीत बोललो नाही ते येथे लिहितो. काही सभासद रागावतील, त्यांनी अवश्य रागवावे. परंतु शेवटपर्यंत वाचून रागवावे, एवढीच विनंती.

प्रथम विरुद्ध बाजू जशी आहे तशी मांडू. ती अशी की, शिक्षक हा कारकून किंवा दुकानदार नव्हे. त्याच्या हाती कोवळी मने असतात. मुले पुस्तकातून जेवढे शिकतात त्याहून अधिक शिक्षकाच्या वागण्यातून शिकतात. पूर्वी शिक्षक गावात राहत असे आणि त्याचे घर, त्याचे बोलणे, त्याची संगत, सारे गावाच्या डोळ्यांसमोर असे. आज गाव मोठे झाले असले तरी मोबाइलने ते पुन्हा लहान केले आहे. मग त्या लहान गावात शिक्षकाने जपून राहावे, ही अपेक्षा गैर कशी? या म्हणण्यात तथ्यांश नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या स्वतःच्या शाळेतील गुरुजींना आम्ही कधी पानाच्या ठेल्यावर उभे असलेले पाहिले नाही, आणि त्याचा आम्हांस आदर वाटे. परंतु आदर वाटणे ही एक गोष्ट, आणि आदर वाटला नाही म्हणून एखाद्याची भाकरी काढून घेणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. आमचा वाद दुसऱ्या गोष्टीशी आहे.

भाकरी खरोखरच जाते, हे सांगण्यास उदाहरण दूरचे नको. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स विद्यापीठातील एका सहायक प्राध्यापिकेस ऑक्टोबर २०२१ मध्ये नोकरी सोडावी लागली. ते प्रकरण ऑगस्ट २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून देशभर गाजले. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रार केली होती की, आपला मुलगा या प्राध्यापिकेची पोहण्याच्या पोशाखातील छायाचित्रे पाहताना आढळला. प्राध्यापिकेचे म्हणणे असे की, आपले खाते खासगी होते, ती छायाचित्रे आपण नोकरीत रुजू होण्यापूर्वीची होती, आणि ज्या प्रकारे ती लावली होती त्या प्रकारात ती २४ तासांनंतर आपोआप नाहीशी होतात. आपल्यावर दबाव आणून राजीनामा घेतला गेला. विद्यापीठाचे म्हणणे असे की, त्यांनी स्वेच्छेने नोकरी सोडली. उलट विद्यापीठाने बदनामीबद्दल ९९ कोटी रुपयांच्या भरपाईची नोटीस दिल्याचेही वृत्त आले. कोण खरे, कोण खोटे, हा निवाडा करणे आमचे काम नाही. परंतु तक्रारीचे स्वरूप पाहावे. पाहिले मुलाने, पकडले वडिलांनी, आणि उत्तर द्यावे लागले ते शिक्षिकेला. छायाचित्र खासगी खात्यातून बाहेर आले कसे, हा खरा पहिला प्रश्न. तो या साऱ्या गदारोळात शेवटचा ठरला.

ही खोड आपल्याच देशाची आहे असेही नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात २००६ साली शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचे, डोक्यावर चाच्याची टोपी आणि हाती प्लास्टिकचा पेला असे छायाचित्र मायस्पेस या त्या काळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर सापडले. ती कायद्याने सज्ञान होती व प्रसंग खासगी मेजवानीचा होता. तरी विद्यापीठाने तिला शिक्षणशास्त्राची पदवी नाकारली, आणि २००८ साली न्यायालयातही तिला यश आले नाही. तेव्हा हा दोष एका समाजाचा नसून शिक्षकी पेशाकडे पाहण्याच्या एका जुन्या दृष्टीचा आहे. ती दृष्टी शिक्षकाला देव्हाऱ्यात बसविते. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला ना सुट्टी असते, ना समुद्रकिनारा.

आता आम्ही गप्प का बसलो ते सांगतो. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत ३० वर्षांहून अधिक काळ काढला. मध्यप्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, १९६५ यांतील तिसरा नियम प्रत्येक शासकीय सेवकास पाठ असतो: सचोटी, कर्तव्यनिष्ठा, आणि शासकीय सेवकास अशोभनीय असे काही न करणे. पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात. पैसे घेतले की नाही, कामावर आला की नाही, याचे पुरावे असतात. तिसरी गोष्ट मात्र मोजपट्टीत बसत नाही. शोभते काय आणि शोभत नाही काय, हे ज्याच्या टेबलावर नस्ती येते तो ठरवितो. २०१२ साली अशी एक नस्ती आमच्या टेबलावर आली.

माळव्यातील एका लहान गावच्या शासकीय कन्याशाळेतील शिक्षिकेविरुद्ध ती तक्रार होती. सोबत तीन रंगीत छायाप्रती. बाई आपल्या यजमानांसह व आतेभावंडांसह गोव्यास गेल्या होत्या. अंगात गुडघ्यापर्यंतचा झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पेला. पेल्यात काय होते ते छायाचित्रावरून कळत नव्हते. तक्रारदाराला मात्र ते नक्की ठाऊक होते. खाली १४ पालकांच्या सह्या होत्या. आम्ही बाईंना बोलावले. त्या साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या, हे आज आठवले तरी संकोच वाटतो. तो पदर आमच्या कार्यालयासाठी होता. आम्ही मोठ्या समजूतदारपणाने विचारले, ‘बाई, अशी छायाचित्रे जाहीर करणे आपल्याला योग्य वाटते का?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सर, मी ती जाहीर केली नाहीत. माझ्या आईने आणि बहिणींनी पाहावीत म्हणून फेसबुकवर घातली होती. ती तुमच्या टेबलावर कशी आली, हे कुणी कुणाला विचारलं का?’

आम्ही कुणाला विचारले नव्हते, आणि नंतरही विचारले नाही. पुढे सहज बोलता बोलता कळले की, वार्षिक परीक्षेच्या वेळी या बाईंनी आपल्या खोलीत कॉपी चालू दिली नव्हती, आणि १४ सह्यांतील पहिली सही ज्या गृहस्थांची होती त्यांचा पुतण्या त्याच खोलीत बसला होता. पाणी कुठे मुरत होते ते आमच्या ध्यानात आले. तरीही आम्ही अहवाल लिहिला तो असा: गैरवर्तन सिद्ध होत नाही, तथापि स्थानिक पालकांच्या भावना लक्षात घेता सदर शिक्षिकेस भविष्यात दक्षता बाळगण्याची समज द्यावी व प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने अन्यत्र पदस्थापना करणे इष्ट राहील. बाईंची बदली ५० किलोमीटरवर झाली. दोन बस बदलून त्या रोज जात-येत, असे नंतर ऐकले. आम्हांस त्या वेळी वाटले की, आपण मधला मार्ग काढला. निर्दोष माणसाला अर्धी शिक्षा देणे हा मधला मार्ग नव्हे, हे समजण्यास आम्हांला सेवानिवृत्त व्हावे लागले. त्या गावातील मुली मात्र पहिल्याच दिवशी समजल्या असतील: कॉपी रोखणारी बाई गेली, कॉपी करणारा राहिला. कोवळ्या मनांवर संस्कार म्हणतात तो हा!

म्हणूनच ‘अशोभनीय’ या शब्दाचा आम्हांस आता धाक वाटतो. या शब्दाचा इतिहास आपल्या भाषेतच पाहावा. धोंडो केशव कर्वे हे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. त्या काळच्या सनातनी दृष्टीला याहून अशोभनीय ते काय असणार? मुरूडच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. परंतु त्यांचे अध्यापकपद गेले नाही. १९१४ पर्यंत ते तेथे गणित शिकवीत राहिले. संस्थेने त्यांची खासगी निवड आणि त्यांचे वर्गातील काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात. ते संततिनियमनाचा प्रचार करीत. त्यांच्या गणित शिकविण्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती वर्गाबाहेरच्या कामाबद्दल. १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविताना त्यांनी आर्थिक ओढग्रस्त सोसली. एकाच घरातील बाप आणि लेक, एकच विषय, एकच पेशा. एका संस्थेने खासगी आणि व्यावसायिक यांत भेद केला, दुसरीने केला नाही. आज आपण कोणत्या संस्थेचा अभिमान बाळगतो?

यावर आमचे एक स्नेही म्हणतील की, कर्व्यांचे कार्य कुठे आणि समुद्रकिनाऱ्यावरील छायाचित्र कुठे! अंतर आहेच. कुणी बाई सुट्टीत समुद्रात उतरल्या म्हणून त्यांचा पुतळा उभारा, असे आम्ही म्हणत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, माणूस थोर असो वा साधा, त्याच्यावर उगारलेली काठी एकच असते. थोर माणसाच्या बाबतीत ती चुकीची होती हे आपण ५० वर्षांनी मान्य करतो आणि जयंती साजरी करतो. साध्या माणसाची जयंती नसते. त्याची फक्त बदली होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. ही काठी बहुधा स्त्रीवरच उगारली जाते. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बाटली ठेवून नाचणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत. त्यांची चित्रफीत त्यांचेच विद्यार्थी हसत हसत एकमेकांना दाखवितात, आणि ‘सर मोकळ्या स्वभावाचे आहेत’ असे प्रमाणपत्र मिळते. उघड्या अंगाने नर्मदेत स्नान करणाऱ्या शिक्षकाचे छायाचित्र भक्तिभावाचे ठरते. शिक्षिका पाण्यात उतरली की संस्कृती बुडते. आपला तो बाब्या म्हणतात तो हाच न्याय. सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात शिकवू लागल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. आज चिखल फेकण्यासाठी रस्त्यावर उभे राहण्याचीही गरज उरली नाही. अंगठ्याने एक छायाचित्र पुढे ढकलले की काम झाले.

मग शिक्षकाला काही व्यावसायिक मर्यादा नाहीच काय? आहे, आणि ती कडक असावी असेच आमचे मत आहे. परंतु ती आज भलत्याच जागी शोधली जात आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील अमरोहा जिल्ह्यातील एका शाळेविषयी तक्रार आली की, शिक्षिका शाळेच्या वेळात रील तयार करतात आणि मुलांना ते पसंत करण्यास व खात्याचे सदस्य होण्यास भाग पाडतात. तेथे पोशाखाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता शिकविण्याच्या वेळेचा, आणि मुलांना आपल्या प्रसिद्धीसाठी राबविण्याचा. खरा व्यावसायिक गुन्हा हा आहे. वर्गात चुकलेल्या मुलाचे रडणे टिपून त्यावर विनोदी संगीत चढविणे, हा गुन्हा आहे. एखाद्या मुलीला रात्री ११ वाजता खासगी संदेश पाठविणे, हा गुन्हा आहे, मग पाठविणाऱ्याच्या खात्यावर सर्व छायाचित्रे देवदर्शनाची का असेनात. वर्गात हात राखून शिकवायचे आणि त्याच मुलांना आपल्या शिकवणीकडे वळवायचे, हाही गुन्हाच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांच्या खासगी शिकवण्यांस मनाई केलेली आहे. या गोष्टींविरुद्ध १४ पालकांच्या सह्या आमच्या टेबलावर कधी आल्या नाहीत.

मुलांच्या छायाचित्रांविषयी तर आपण सारेच बेफिकीर आहोत. शाळेच्या फलकावर, जाहिरातीत, मुख्याध्यापकांच्या खात्यावर मुलांचे चेहरे झळकतात; पालकांची संमती कुणी विचारीत नाही. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. शासनही या बाबतीत निर्दोष नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१६ मध्ये शिक्षकांनी मुलांसोबत सेल्फी काढून सरकारी प्रणालीत भरावी असा आदेश निघाला, आणि शिक्षकांच्या विरोधानंतर जानेवारी २०१७ मध्ये तो थांबवावा लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये शिक्षकांची छायाचित्रे वर्गात लावण्याची सूचना निघाली. हेतू हा की, नेमणूक एकाची आणि शिकवितो दुसराच, हा प्रकार उघड व्हावा. म्हणजे शिक्षकाचे छायाचित्र जेव्हा शासनाला हवे असते तेव्हा ते कर्तव्य, आणि जेव्हा त्याला स्वतःला हवे असते तेव्हा तो अपराध!

कार्यालयातील आणि घरातील सीमा आखता येत नाही, असे मुळीच नाही. महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने १५ मार्च २०२४ रोजी शाळेतील पोशाखाविषयी निर्णय काढला. त्यातील तपशिलाबद्दल मतभेद असू शकतील, पण तो शाळेत घालावयाच्या कपड्यांबद्दल आहे. तेवढा अधिकार नोकरी देणाऱ्याला आहे, हे आम्ही मानतो. २८ जुलै २०२५ रोजी त्याच राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांविषयी आदेश काढला. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल बोलू नये हा त्यातील भाग आम्हांस फार ताणलेला वाटतो. परंतु वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, आणि आपल्या खासगी छायाचित्रांत व रीलमध्ये शासनाचे बोधचिन्ह, गणवेश, वाहन किंवा इमारत वापरू नये, हे सूत्र योग्य आहे. कारण तेथे बंधन समुद्रकिनाऱ्यावर नसून कार्यालयाच्या दारात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. हा हक्क शिक्षकाची सनद हाती पडताच गळून पडतो, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आमच्या मते अशी तक्रार आली की अधिकाऱ्याने, संस्थाचालकाने आणि पालकानेही तीनच प्रश्न विचारावेत. या छायाचित्रात एखादा विद्यार्थी आहे काय, किंवा ते विद्यार्थ्याला उद्देशून आहे काय? ते शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात किंवा शाळेच्या नावाने घेतलेले आहे काय? त्यातील कृत्य कायद्याने गुन्हा आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर नस्ती तेथेच बंद करावी, आणि उलट चौथा प्रश्न तक्रारदारास विचारावा: हे छायाचित्र आपल्या हाती कसे आले? २०१२ साली हा चौथा प्रश्न आम्ही विचारला असता, तर तो पहिल्या सहीपाशीच जाऊन थांबला असता.

‘पण मुले पाहतात ना!’ हा शेवटचा आक्षेप उरतो. पाहतात, हे खरे. मुले आईवडिलांचीही छायाचित्रे पाहतात, मामाच्या लग्नातले नाच पाहतात, आणि हाती असलेल्या यंत्रात यापेक्षा कितीतरी भयंकर गोष्टी पाहतात, ज्यांविषयी कुठल्याही मुख्याध्यापकाला निवेदन देता येत नाही. आपल्या गणिताच्या बाई सुट्टीत हसतात, पोहतात, नवऱ्याबरोबर फिरतात, आणि सोमवारी वेळेवर येऊन त्रैराशिक नीट शिकवितात, हे मुलांनी पाहिले तर त्यांचे काय बिघडेल? उलट, काम चोख करणाऱ्या माणसाला आनंदाने जगण्याचाही अधिकार असतो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू की, कुलूप नीट लावावे. जग चांगले नाही. परंतु कुलूप लावायला विसरलेल्याला चोर ठरविणे, हा न्याय नव्हे.

आमच्या त्या सभासद मित्रांना आमची विनंती आहे की, त्यांनी निवेदनावर सही करण्यापूर्वी नातीची वही उघडून पाहावी. बाईंनी ती तपासली आहे काय, चूक कुठे झाली ते लाल शाईने समजावून लिहिले आहे काय, एवढे पाहावे. तसे असेल तर आपल्या नातीला चांगल्या शिक्षिका लाभल्या आहेत. तसे नसेल, तर मुख्याध्यापकांकडे अवश्य जावे. आम्हीही बरोबर येऊ. मात्र हाती वही घेऊन जावे, छायाचित्र घेऊन नव्हे.